गुळाची तुळा आणि सायकलचा टायर

आईने माझ्या बायकोच्या वजनाइतका गूळ भैरोबाला कबूल केला, तेव्हा माझी बायको इतकी हडकुळी होती की हा नवस देवालाच परवडणार नाही, असं माझं स्पष्ट मत होतं.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलत नव्हता. पन्नासच्या दशकातल्या मोशीत हा घरगुती प्रश्न नव्हता, गावाचा प्रश्न होता. नदीवर धुण्याला जमलेल्या बायका शेवंताकडे (ही माझी बायको) बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. शेवंता बोलायची नाही, पण धुणं अर्धवट पिळून सगळ्यांच्या आधी घरी यायची. आई मात्र बोलायची, आणि ती मधल्या माणसांशी न बोलता थेट वर बोलायची. एका रविवारी ती देवळात उभी राहिली आणि खड्या आवाजात म्हणाली, "देवा, माज्या सुनंची कूस उजव. उजवलीस, की ती बाळंतपनाला म्हायेरी जायच्या आत तुज्या दारात तिची गुळाची तुळा करीन." देवळात त्या वेळी गुरव आणि दोन कुत्री एवढेच हजर होते. तरी संध्याकाळपर्यंत ही बातमी इंद्रायणीच्या पलीकडे गेली.

तुळा हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा ठेवतात. दोन्ही पारडी सारखी झाली की तो गूळ देवाचा, आणि देवाचा म्हणजे गावाचा. सगळ्यांना वाटायचा आणि तोंड गोड करून घरी जायचं. यात घोटाळा होण्यासारखं काहीही नाही. तो करायला माझ्यासारखा माणूस लागतो.

भैरोबाने नवस ऐकला. शेवंताला दिवस गेले.

मी तेव्हा नुकताच पिंपरीला एका नव्या कारखान्यात लागलो होतो. गोडाउनात येणारी पोती काट्यावर घालून उतरवून घ्यायची, हे माझं काम. काही महिन्यांतच माझी नजर अशी तयार झाली की पोतं ट्रकमधून उतरायच्या आत मी त्याचं वजन सांगायचो, आणि काटा बहुतेक वेळा मला दुजोरा द्यायचा. कामगार मुद्दाम गंमत म्हणून नवीन माणसाला माझ्यापुढे उभं करायचे आणि विचारायचे, "सांग राव, किती वजनाचं पोतं?" माणसांच्या बाबतीतही मी फारसा चुकत नसे. मला या नजरेचा इतका गर्व झाला होता की रस्त्याने जाता-येता मी गाई, बैल, भिकारी आणि पाहुणे यांची वजनं मनातल्या मनात करत असे. स्वतःकडे बघायला मात्र घरात आरसा फक्त दाढीपुरता होता.

शेवंताला डोहाळे लागले आणि ते भलतेच लागले. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी दुकानं थाटली होती. एकदा बाजाराला गेलो असताना तिने तिथलं दाल-पकवान खाल्लं होतं, म्हणजे तळलेली कडक पुरी आणि तिच्यावर डाळ. आता तिला एकदम तेच आठवलं. मग कधी मिठाई आठवली, कधी कचोरी. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, असं आईचं म्हणणं, आणि बाळाच्या कानाच्या बाबतीत मी कुठलाही धोका पत्करायला तयार नव्हतो. शिफ्ट सुटली की कॅम्पात जायचं, पुडा बांधून घ्यायचा, सायकलच्या हँडलला अडकवायचा आणि भोसरीच्या माळावरून मोशी गाठायची, असा माझा नेम झाला.

पुडा सोडला की शेवंता एक तुकडा मोडून तोंडात घालायची आणि डोळे मिटायची. मला वाटायचं, आनंदाने. मग पदर तोंडाला लावून ती परसात पळायची. परत आली की म्हणायची, "नगं वाटतंय. ठेवा तिकडं." आता तळलेला पदार्थ सकाळपर्यंत मऊ पडतो, मिठाईला मुंग्या लागतात, आणि अन्न टाकायचं नाही ही तर आईची लहानपणापासूनची शिकवण. त्यामुळे उरलेलं मी नाइलाजाने संपवत असे. (हा नाइलाज रोज असायचा.) दुसऱ्या दिवशी नवा डोहाळा, नवा पुडा आणि तोच जुना नाइलाज.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच हिशेब चालू होता. घरात रोज एवढा पुडा येतो, सकाळी नुसता कागद उरतो, म्हणजे हे सगळं शेवंताच्या अंगी लागतंय! तिचं पोट दिसायला लागलं, तसा माझा आनंद वाढत गेला. पाचव्या महिन्यात मला ती भरलेली वाटायला लागली, सहाव्यात चांगलीच गरगरीत. रोज संध्याकाळी उंबऱ्यातूनच मी एक नजर टाकून तिचं वजन करायचो आणि ते दर वेळी आदल्या दिवसापेक्षा जास्त भरायचं.

या आनंदामागे एक कारण होतं. तिचे वडील, माझे सासरे, खेडच्या अलीकडच्या एका वाडीतले शेतकरी. मोजकं बोलणारा माणूस. लग्नात लेकीचा हात माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले होते, "पाव्हणं, पोर लाजाळू हाय. मागून खायाची न्हाई. तुमीच बघा." पुढची चार वर्षं ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा तेव्हा तिच्या मनगटाकडे बघून गप्प बसले. तिच्या बांगड्या थेट कोपरापर्यंत वर सरकायच्या. त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागत असे. आता त्यांना दाखवायचं होतं की बघा, तुमची लेक या घरात कशी पोसली गेलीय ते. तिच्या अंगावरचं सगळं मांस मी माझीच कमाई समजत होतो.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन एका शेडखाली बसायचो आणि त्या वयाच्या पुरुषांना जगातल्या सगळ्या बायकांबद्दल सगळं ठाऊक असतं. एकाचं म्हणणं, बाई या दिवसांत जाड झाली की मुलगा होतो. दुसरा म्हणे, मुलगी. तिसऱ्याला बायको सुटलेली आवडत नव्हती आणि तो स्वतः दोन माणसांची जागा अडवून बसायचा. बायकांना काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, कारण त्या शेडखाली नव्हत्या. मी आधी नुसती प्रौढी मिरवली. मग प्रौढीपेक्षा विनोदाला हशा जास्त मिळतो हे ध्यानात आलं आणि माझी जीभ सुटली. घरातली बाज मोडली, तिचं मी रसभरीत वर्णन केलं. (बाजेवर त्या वेळी आम्ही दोघंही बसलो होतो, हा तपशील गाळला.) जगू नावाचा माझा मराठवाड्याकडचा मित्र हसून हसून डबा सांडायचा. असा श्रोता मिळाला की माणूस वाहवत जातो.

त्यातच टायरचं प्रकरण झालं. भोसरीला शेवंताच्या मावशीकडे जायचं होतं. तिला कॅरिअरवर बसवलं आणि निघालो. मोशीच्या बाहेर पडतो न पडतो तोच मागचा टायर असा फुटला की वडावरची पाखरं उडाली. मी उतरलो, टायरकडे पाहिलं, शेवंताकडे पाहिलं आणि म्हणालो, "तुला आता बैलगाडीच पायजे." ती माझ्यामागून चालत घरी आली आणि माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावायला बसली. सुई नेहमीपेक्षा जरा जोरात खुपसत होती. माझ्या शर्टाची बटणं त्या दिवसांत फार तुटायची. दोरा हलका यायला लागला होता, असं मी समजत होतो. कारखान्याची खाकी पँटही धुऊन धुऊन आटली होती.

टायरची गोष्ट मी शेडखाली सांगितली आणि ती तुफान चालली. लोकांनी पुन्हा सांगायला लावली. पुन्हा सांगताना टायरबरोबर ट्यूब फाटली, त्याच्या पुढच्या वेळी रिम वाकली. आणखी थोडे दिवस गेले असते तर रस्त्याला खड्डाही पडला असता.

तुळा आधी चौथ्या महिन्यात ठरली होती. मला ओव्हरटाइम लागला. मग पाचव्यात ठरली, तेव्हा आईला दिवस बरा वाटेना. असं करता करता सातवा लागला आणि सासऱ्यांचा निरोप आला की अमुक दिवशी गाडी घेऊन लेकीला न्यायला येतो. पहिलं बाळंतपण माहेरी. आईचा धीर सुटला. देवाला दिलेला शब्द सून उंबरा ओलांडायच्या आत पाळायचा होता, आणि शब्द मोडला तर पोटातल्या जिवाचं काय, या विचाराने तिला जेवण जाईना. त्याच दिवशी सकाळी तुळा करायची आणि तिथूनच शेवंताला गाडीत बसवायचं, असं ठरलं.

तराजू आणि गूळ किसनमामाकडून यायचे होते. किसनमामा आईचा धाकटा भाऊ, चाकणच्या कांद्याच्या बाजारात मापाडी. मी चाकणला जाऊन त्याला किती ढेपा लागतील ते सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "भाचा, तोलायचं कुनाला? सुनंला का तालमीतल्या वस्तादाला?"

"मामा, माझ्या नजरंवर भरोसा ठेवा. हेच काम करतो मी."

"बरं बाबा. तुजी बायको, तुजी नजर," मामा म्हणाला आणि ढेपा बाजूला काढायला लागला.

त्या सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली मामाने तीन वासे उभे केले, त्यांना तराजूची भली मोठी दांडी टांगली आणि पारड्यांच्या जागी दोरांवर फळ्या बांधल्या. एका फळीवर आईने धुतलेली घोंगडी अंथरली. मामाच्या गाडीतून ढेपा उतरायला लागल्या तशी माणसं पुढं सरकली. ढेपा उतरतच होत्या. पारावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, "सून येकलीच हाय न्हवं?" सासरे गाडी सोडून बाजूला उभे होते. त्यांनी ढेपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढं काढली. (छातीबरोबर आणखीही काही पुढं आलं असावं, पण ते मला दिसत नव्हतं.)

हिरव्या लुगड्यात शेवंता आली. तिला बायकांनी हळद-कुंकू लावलं. एवढ्यात सायकलींच्या घंट्या वाजल्या आणि आमच्या कारखान्याची चार-पाच मंडळी दाखल झाली. पुढे जगू. त्याच्या खांद्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी वाटोळं होतं. त्याने ते मोठ्या आदराने शेवंतापुढे धरलं.

"वहिनी, आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठी आणलंय. आता बिनघोर बसा सायकलवर."

कागद सुटला. आत नवा कोरा सायकलचा टायर होता.

एक क्षण कुणालाच काही कळेना. आईने टायर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि शेजारणीला विचारलं, "ह्यो वटीत कसा घालायचा, बाई?" मग मंडळींनी मोठ्या प्रेमाने खुलासा केला. टायर, ट्यूब, रिम आणि बाज, सगळं सांगितलं. माझ्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. गाव हसायला लागलं. हसले नाहीत ते फक्त तिघं. आईला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं, सासरे खाली बघत होते, आणि शेवंताने टायर आईच्या हातून काढून घेतला, देवळाच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "मी न्हाई बसनार पारड्यात."

हसणं थांबलं. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी लगबगीने पायरीशी गेलो आणि हळूच म्हणालो, "अगं, गंमत केली त्यांनी."

"त्यांनी न्हाई," ती म्हणाली. "तुमी केली."

मग माझ्याकडे न बघता, फक्त मलाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "रोज येता, पुडा सोडता, खाता आन् झोपता. मी काय खाल्लं ते येक दिस तरी इचारलं का?"

उत्तर सुचलं असतं तर ते विनोदीच सुचलं असतं, म्हणून न सुचलं तेच बरं झालं. मला तिची फार लाज वाटली, म्हणजे तिच्यापुढे माझी. चार वर्षं जिने कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तिला मी गावापुढे आणि तिच्या बापापुढे एका टायरवर आणून बसवलं होतं.

आई आली. तिने शेवंताच्या हनुवटीला हात लावला. "पोरी, ह्या मुडद्याचं काय मनावर घेतीस. म्या शबुद दिलाय गं देवाला. माज्यासाठी बस."  शेवंताने तिच्याकडे पाहिलं आणि टायर पायरीवरच ठेवून उठली.

"तुमच्या शबदासाठी बसते, आत्याबाई," ती म्हणाली. (सासूला ती आत्याबाई म्हणे.) "पर मी उतरल्यावर तुमचा ल्योक बसल."

"बसल की," आई म्हणाली. "त्याला काय धाड भरलीया?"

मामाने सगळ्या ढेपा एका पारड्यात रचल्या आणि दांडी घट्ट धरून ठेवली. दोन बायकांनी दोर धरले आणि शेवंताला घोंगडीवर बसवलं. मामाने हात सैल केला. आता तिचं पारडं खाली येणार म्हणून मी डोळे बारीक करून बघत होतो. ते आलं नाही. हात सैल होता होता गुळाचं पारडं जमिनीला टेकलं आणि शेवंता अलगद वर गेली. मामाने एक ढेप काढली. ती वरच. आणखी एक काढली. तरी वरच. तो ढेपा काढत राहिला आणि माझ्या नजरेची किंमत गावादेखत उतरत गेली. शेवटी निम्म्याहून जरा जास्त ढेपा उरल्या तेव्हा दांडी सरळ झाली. आईने हात जोडले. नवस फिटला होता.

सासरे पुढे आले. लेकीला खाली उतरवताना त्यांनी तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. बांगड्या होत्या तिथेच होत्या, कोपराजवळ. पोट सोडलं तर बाई होती तेवढीच होती. हे मला त्या क्षणी, सगळ्या गावाबरोबर, पहिल्यांदा दिसलं.

"आता ह्या उरलेल्या ढेपांचं काय?" मामा म्हणाला. देवाच्या नावाने आणलेला गूळ घरी परत न्यायचा नसतो. तो वाटून टाकावा असं गुरवाने सुचवलंही. पण शेवंता माझ्याकडे बघत होती, आणि मामाच्याही ध्यानात ते आलं. तो म्हणाला, "ज्याच्या मापानं आनल्या त्यालाच बसवू की! ठेवा सगळ्या ढेपा पुन्यांदा."

मी निश्चिंत मनाने घोंगडीवर जाऊन बसलो. एवढ्या गुळापुढे मी म्हणजे पाखरू, आत्ता आभाळात जाईन आणि लोक हसतील, मग हिचाही राग जाईल, असं मला खरोखरच वाटलं. मामाने दांडी सोडली.

मी होतो तिथेच राहिलो. गूळ वर गेला.

सगळ्या ढेपा हवेत हेलकावे खात होत्या आणि मी जमिनीवर बसून त्यांच्याकडे मान वर करून बघत होतो. "मामा, काटा अडकलाय," मी म्हणालो. मामाने दांडी हलवून दाखवली. काटा अडकला नव्हता. मी उठायला लागलो तशी आई ओरडली, "बस खाली! देवाच्या दारातली तुळा अर्धी सोडतूस व्हय?" एकदा पारड्यात बसलेला माणूस तोल साधल्याशिवाय उठला तर अपशकुन, आणि घरात पोटुशी बाई. आता उठायची सोय नव्हती.

मग गाव माझ्या मदतीला धावलं. दगड चालणार नव्हते, कारण दगड देवाला वाहत नाहीत. मामाच्या गाडीत कांद्याचं अर्धं पोतं होतं, ते ठेवलं. गुळाचं पारडं थोडं खाली आलं. कुणी घरून शेंगा आणल्या, कुणी बाजरी. एका म्हातारीने भोपळा आणला आणि ठेवताना मला विचारलं, "कितवा म्हैना रं?" ओटीचे नारळ गेले. जगूने स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला आणि म्हणाला, "एवढं तर लागतंच की राव!" मला शर्टाची बटणं आठवली. खाकी पँट आठवली. बाज आठवली. भोसरीच्या रस्त्यावरच्या टायरचं तर नाव काढायला नको. आणि एकेक करून दाल-पकवान, मिठाई आणि कचोऱ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. सगळ्या माझ्याच दिशेने गेल्या होत्या.

दांडी जवळजवळ सरळ झाली. केसभर फरक राहिला. आता ठेवायला काही उरलं नव्हतं.

शेवंता पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसली होती, ती उठली. शेजारचा टायर उचलून तिने गुळाच्या ढिगावर हळूच ठेवला. "ह्यो बी घ्या," ती म्हणाली. "पयला माज्यापायी फुटला म्हनं."

दांडी सरळ झाली. काटा बरोबर मध्ये उभा राहिला. आणि शेवंता हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. चार वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी पारड्यात बसूनच तिच्याकडे बघत राहिलो आणि मला ती फार आवडली.

तोललेलं सगळं देवाचं झालं, तेव्हा टायरही देवाचाच झाला. गूळ वाटला, कांदे वाटले, जगूचा डबा गुरवाने नेला. टायर गुरवाने देवळाच्या आढ्याला टांगला.

निघायची वेळ झाली. सासऱ्यांनी लेकीला गाडीत बसवलं, मागे गवताची उशी केली. तिला पोचवायला जायची माझीही तयारी होती, म्हणून मी चाकावर पाय देऊन चढायला लागलो. सासऱ्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मग जन्मात त्यांनी माझ्याशी एकमेव विनोद केला.

"जावईबापू, लेक पोटुशी आमची आन् बाळसं तुमाला," ते म्हणाले. "तुमी मागनं चालत या. बैल घरचे हाईत."

मी चालत गेलो. नदी ओलांडून चाकणपर्यंत गाडीच्या मागोमाग चाललो. शेवंता मागे तोंड करून बसली होती, त्यामुळे आमची सारी वाट समोरासमोर झाली.  मग मी धापा टाकत विचारलं, "खरं सांग, तुला काय खावंसं वाटतं?"

तिने थोडा विचार केला. "अंबाडीची भाजी. भाकरीसंगं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी पुडा घेऊन येवढ्या लांबनं यायचा," ती म्हणाली. "तुमचं त्वांड बघून सांगवत नव्हतं."

अंबाडी आमच्या बांधावर माजली होती. रोज कॅम्पाकडून येताना मी तिच्या शेजारूनच सायकल हाणत असे.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. तिचे दोन्ही कान उत्तम निघाले. मधल्या काळात मी दर रविवारी अंबाडीची जुडी घेऊन सासुरवाडीला जायचो आणि शेवंताचं जेवण होईपर्यंत तिच्यासमोर नुसता बसून राहायचो. सासरे बाहेरच्या ओट्यावरून बघायचे. एका रविवारी त्यांनी आत वाकून तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बसा, तुमी बी घ्या भाकरी." एवढी मोठी शाबासकी मला कारखान्यातही कधी मिळाली नाही. आणि त्यांचा मान राखायला मी दोन भाकरी घेतल्या.

तो टायर कैक वर्षं देवळात टांगलेला होता. परगावचे लोक त्याच्याकडे बघून हात जोडायचे, काहीतरी जुनी रूढी असेल म्हणून. पुढे देऊळ नवं बांधलं तेव्हा तो कुठे गेला कोण जाणे. आता तर बांधावर इमारती उभ्या राहिल्या आणि अंबाडी बाजारातून आणावी लागते. शेवंता अजून तेवढीच आहे. बांगड्या अजून कोपरापर्यंत जातात. सणावाराला ताटात गोड वाढलं की ती एक घास खाते, बाकीचं माझ्या ताटात सरकवते आणि माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावते.

परवा गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगा आहे. त्याने मला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "आजोबा, हे वजन कधीपासून वाढलंय?"

शेवंता शेजारीच बसली होती, तेव्हा खोटं बोलायची सोय नव्हती. म्हणालो, "पहिल्या बाळंतपणापासून."